बॅट कोणी उचलायची?

“आधी उचला, मग विचारा कोणाचं ते.”

हे तिचं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी तिच्या तोंडून निघायचं, आणि निघताना कधी गोड निघायचं नाही.

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये ती हत्यारखोली सांभाळायची. अरुंद, उंच छताची खोली. अर्ध्या दारावर आडवी फळी ठोकलेली. फळीच्या आत ती आणि बाहेर तेलकट हातांचे मेकॅनिक. मागच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. पाना जागेवर लटकला की आकृती झाकली जायची. संध्याकाळी एक जरी आकृती उघडी राहिली तरी ती खोलीला कुलूप लावत नसे. टॉर्च घेऊन बसखालच्या खड्ड्यात उतरायची, पाना शोधून वर आणायची आणि ज्याने तो टाकला असेल त्याची अशी हजेरी घ्यायची, की त्या माणसाला दुसऱ्या दिवशीचा चहासुद्धा कडू लागावा. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणायचे, पाठीमागे पानेवाली.

हेड मेकॅनिक एकदा हसत म्हणाला, “मावशी, एक पाना खाली राहिला तर काय बस उडून जाणार आहे?”

“बस नाही, तू उडशील. पाय पडू दे एकदा.”

तो हसायचा थांबला. कारण पानेवाली हसत नव्हती.

रविवारी मात्र ही बाई वेगळ्या कपड्यांत असायची. राखाडी पँट, निळा शर्ट, तोंडावर जाळीचा मुखवटा. मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांत ती पंच होती, आणि तीही होमप्लेटची, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीमागे वाकून उभी राहणारी मुख्य पंच. त्या जागेवर पोचायला तिला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं संघटनेने तिला लांबच्या बेसवर उन्हात उभं केलं, कारण होमप्लेटला बाई चालेल का, असा प्रश्न दर वर्षी कोणाला तरी पडायचा. शेवटी एकदा दोन पंच एकाच दिवशी आजारी पडले तेव्हा तिचा नंबर लागला, आणि मग तिने ती जागा सोडली नाही. छातीवरचं पॅड पुरुषाच्या मापाचं होतं. तिच्या शिंपी नवऱ्याने पट्टे उसवून तिच्या मापाचे करून दिले.

ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. मुलगी चेंडू मारते आणि मारल्या क्षणी बॅट टाकून पहिल्या बेसकडे, म्हणजे मैदानातल्या पहिल्या थांब्याकडे, पळत सुटते. बॅट कुठे पडली हे ती पाहत नाही, पाहू शकतही नाही. त्याच वेळी आधीची एखादी मुलगी तिसऱ्या बेसला वळसा घालून होमप्लेटकडे, म्हणजे जिथून चेंडू मारतात तिथेच परत, जिवाच्या आकांताने येत असते. ती पोचली की एक रन; त्याआधी कॅचरने हातातला चेंडू तिला लावला की ती आऊट. आणि पुष्कळदा बॅट पडलेली असते ती नेमकी तिच्या वाटेत. गोल, गुळगुळीत, पाय पडला की फिरणारी.

मग ती बॅट कोणी उचलायची? फलंदाज निघून गेली. कॅचरची नजर येणाऱ्या चेंडूवर. पंचाने निकाल द्यायचा असतो, त्याने खेळात हात घालायचा नाही. राहता राहिली ती पुढची फलंदाज, पाळी यायची म्हणून बाजूला उभी असलेली. तिने यावं आणि बॅट बाजूला करावी, अशी सगळीकडची पद्धत. आमच्याकडे ती मुलगी दोन्ही मुठी वर करून उड्या मारत असायची.

आदल्या हंगामात एक मुलगी अशाच बॅटवर पडली. घोटा असा वळला की पायातला बूट कापून काढावा लागला. तीन महिने प्लास्टर. संघटनेने बिस्किटांचे दोन पुडे पाठवले. पानेवालीने एक कागद पाठवला. त्यात दोनच ओळी होत्या: पुढच्या मुलीने बॅट उचलावी, हे प्रत्येक कोचने सामन्याआधी सांगितलंच पाहिजे. नाही उचलली तर त्या संघाला ताकीद.

संघटनेचे अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर. ते म्हणाले, “चांगली सूचना आहे. पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू.”

तीन मीटिंगा झाल्या. कागद कुठे ठेवला, देव जाणे.

तेव्हापासून ती स्वतःच बॅटा उचलायला लागली. चालू खेळात. चेंडू हवेत असताना दोन पावलं पुढे यायची, वाकायची, बॅट मागे भिरकावायची आणि पुन्हा आपल्या जागी. प्रेक्षकांतली टवाळ पोरं ओरडायची, “उचल्या आली, उचल्या! खिसे सांभाळा!” ती मुखवट्याआडून ऐकायची. कानशिलं लाल व्हायची, पण वाकणं थांबलं नाही.

मी तेव्हा होमप्लेटमागच्या धावफलकावर आकडे लिहीत असे. तिथून सगळं स्वच्छ दिसायचं.

अंतिम सामना गिरणीच्या मुली आणि तळ्याकडच्या मुली यांच्यात होता. शेवटचा डाव, दोन्हीकडे सारखे रन, गिरणीची फलंदाजी, दोघी आऊट, तिसरी झाली की पाळी संपली. त्यांची एक लांबडी मुलगी दुसऱ्या बेसवर. सणसणीत फटका बसला. बॅट घरंगळत गेली ती थेट होमप्लेटच्या अलीकडे, पांढऱ्या रेघेवर. लांबडी तिसरा बेस ओलांडून आली. चेंडूही निघाला. पानेवाली पुढे झाली, वाकली, बॅट उचलून फेकली आणि मान वर केली तोवर धुळीचा लोट उठला होता. लांबडी प्लेटवर आडवी, कॅचरचा हात तिच्या खांद्यावर, हातात चेंडू.

आधी कोण? पाय की हात?

सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं. आणि पानेवालीने ते केलं जे कुठलाच पंच करत नाही. पंच चुकतो, पण ठासून चुकतो. तिने मुखवटा वर केला आणि खरं सांगितलं.

“हात लागलेला मी पाहिला नाही. जे पाहिलं नाही त्यावर मी आऊट देणार नाही. सेफ.”

गिरणी जिंकली. तळ्याकडचे मिशीवाले कोच मैदानात घुसले.

“पाहिलं नाही? पंच कशाला असतो मग? शोभेला?”

“बॅट रेघेवर होती.”

“असू दे ना! तुम्हाला डोळे दिलेत ते बघायला. वाकून वाकून बॅटा गोळा करायच्या असतील तर डेपोत जा, पाने गोळा करा!”

“पोरीचा पाय मोडला असता.”

“माझ्या पोरींचा कप मोडला त्याचं काय? वर्षभर घासल्यात त्या पहाटे उठून!”

मिशीवाल्यांच्या पाठीमागे त्यांची कॅचर उभी होती. हमसून रडत होती. “मी लावला होता हात, मावशी. शपथ. मी लावला होता.”

कोचचं ओरडणं पानेवालीने अंगावर घेतलं असतं. त्या मुलीचं रडणं नाही घेता आलं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा, आणि तो बाकी सगळ्या रागांवर चढून बसला.

बुधवारी संघटनेच्या खोलीत बोलावणं आलं. ही खोली मैदानाच्या पायऱ्यांखाली आहे, छत तिरपं. उंच माणसाने मागे बसायचं नाही, डोकं आपटतं. सर पुढे बसले होते. टेबलावर टाईप केलेला कागद.

“शेवटचा डाव परत खेळवायचा ठरलाय,” सर म्हणाले. “तिथूनच. लांबडी दुसऱ्या बेसवर, दोघी आऊट, सारखे रन. होमप्लेटला तूच राहा, आमची ना नाही. पण यावर सही कर. चालू खेळात बॅटला हात लावणार नाही.”

“आणि नाही केली तर?”

“तर दुसऱ्या बेसवर उभी राहा. तिथं बॅट येतच नाही. कटकट मिटली.”

अकरा वर्षं. ती त्या कागदाकडे पाहत राहिली.

“सर, मी उचलू नये, हे मला पटतंय. खरंच पटतंय. मी चुकले, त्या पोरीचा हात मला दिसायला हवा होता. पण मी नाही तर कोण? तेवढं सांगा.”

“पुढची फलंदाज.”

“ती उचलत नाही. वर्षभर कागद पडलाय माझा तुमच्याकडे.”

“अगं, किती तापतेस! मी स्वतः सांगतो दोन्ही कोचना. रविवारच्या आत. माझा शब्द.”

“सांगाल?”

“सांगतो म्हटलं ना.”

तिने सही केली. पेन असं दाबलं की कागदाला भोक पडलं.

रविवारी मैदान भरलं होतं. अर्ध्या डावाला एवढी गर्दी मी कधी पाहिली नाही. टवाळ पोरं पहिल्याच रांगेत. “उचल्या, आज हात खिशात!” पानेवालीने पाठीमागे हात नेले, बोटांत बोटं अडकवली आणि वाकून उभी राहिली.

तिसऱ्या चेंडूवर फटका बसला. चांगला, लांब. आणि बॅट सुटली ती पुन्हा त्या रेघेपाशीच येऊन पडली, होमप्लेटच्या दोन पावलं अलीकडे.

लांबडी तिसऱ्या बेसला वळली. पानेवालीने मान फिरवली ती फक्त एकदा, पुढच्या फलंदाजाकडे. ती मुलगी दोन्ही मुठी वर करून उड्या मारत होती. “पळ, पळ, पळ!”

“बॅट!” पानेवाली ओरडली. गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही.

मग तिने नजर प्लेटवर खिळवली. हात मागे. मला तिची बोटं दिसत होती, नखांपाशी पांढरी पडलेली. लांबडीने शेवटच्या क्षणी बॅट पाहिली, पाऊल आखडलं, ओणवी होऊन उडी मारली, बॅट पायाखालून गेली. त्या अडखळण्यात अर्धं पाऊल हुकलं. कॅचरने चेंडू झेलला आणि तिच्या दंडाला लावला. एक वीत बाकी असताना.

“आऊट!”

मूठ हवेत. निकालात कसलाही संशय नव्हता. गिरणीच्या कोचनेसुद्धा तो मान्य केला. तळ्याकडच्या मुली नाचायला लागल्या. सामना अजून बरोबरीतच होता, जादा डाव व्हायचा होता. सर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत आले.

“वा! याला म्हणतात पंच. हात बांधले की नजर कशी लखलखीत होते बघ!”

पानेवाली त्यांच्या बाजूने सरळ पुढे गेली, गिरणीच्या चष्मेवाल्या कोचसमोर.

“सरांनी तुम्हाला काही सांगितलं होतं? बॅट पुढच्या मुलीने उचलायची म्हणून?”

चष्मेवाला गोंधळला. “मला? नाही बुवा. कधी?”

तिने मिशीवाल्यांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागच्या रविवारी भांडले होते, पण खोटं बोलले नाहीत.

सर हसत म्हणाले, “अगं, गडबडीत राहून गेलं. आणि एवढं काय त्यात? काही झालं का? कोणाला काही झालं का?”

मी त्या बाईला पुष्कळदा रागावलेली पाहिली होती. तेव्हा ती ओरडायची. या वेळी आवाज खाली आला, आणि तो जास्त वाईट होता.

“झालं ना, सर. ती पोरगी पडते का राहते, हे बघत मी इथं उभी राहिले. मला बॅट दिसत होती, तिचे पाय दिसत होते, आणि मी थांबले होते. कशासाठी? तर निकाल बरोबर यावा म्हणून. आला. एकदम बरोबर आला. आता मला माझं तोंड दाखवायची लाज वाटते.”

“जास्त होतंय हं.”

“तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. दोन माणसांशी. चार दिवस होते तुमच्याकडे.”

“ठीक आहे, पुढच्या मीटिंगमध्ये…”

“मीटिंग गेली खड्ड्यात!”

तिने मुखवटा काढला. पॅडचे पट्टे सोडले. दोन्ही वस्तू सरांच्या हातात दिल्या, टाकल्या नाहीत.

“जादा डाव आहे अजून!” सर म्हणाले. “अशी कशी जातेस? होमप्लेटला कोण उभं राहणार?”

“तुम्ही. हात मागं बांधायचे आणि बघायचं. सोपं आहे.”

“पुन्हा ही जागा मिळणार नाही तुला, सांगून ठेवतो.”

“माहीत आहे.”

ती निघाली. मैदानाच्या मधून, चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या जागेवरून, लांबच्या हिरवळीतून फाटकाकडे. घाईने नाही, संध्याकाळी डेपोतून घरी निघायची तशी. तळ्याकडच्या मुलींनी नाचणं थांबवून वाट दिली. मिशीवाले कोच टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. सर मुखवटा आणि पॅड पोटाशी धरून तिच्या पाठीकडे पाहत होते. लांबडी अजून प्लेटपाशीच बसली होती, गुडघ्याची माती झाडत. झाडता झाडता तिचा हात थांबला. पानेवाली फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत ती मुलगी तिच्याकडेच पाहत राहिली, आणि मीही.