पाकवाल्याची जीभ

माझा थोरला भाऊ गोळ्या-चॉकलेटांच्या कारखान्यात पाक करायचा. सगळे त्याला पाकवालेच म्हणायचे. उकळत्या कढईतून तो पळीने थेंब उचलायचा, गार पाण्यात सोडायचा, दोन बोटांत त्याची गोळी वळायचा, मग ती जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. मालकांनी उष्णता मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. दादाने ते खिळ्याला टांगलं आणि तिथेच गंजू दिलं. "यंत्र उष्णता सांगेल. चव कोण सांगणार, त्याचा बाप?" खोटं कशाला बोलू, त्या जिभेची चूक कधी कुणाला सापडली नाही. लिंबाच्या गोळीत चिमूटभर साखर कमी पडली तरी त्याला कळायचं. आम्ही सगळ्यांनीच त्या जिभेला डोक्यावर चढवून ठेवलं होतं.

अशा माणसाला मधुमेह झाला तेव्हा आधी आम्ही हसलो. तोही हसला. "आयुष्यभर साखरेत हात घातलाय, ती कधीतरी अंगात शिरणारच," म्हणाला. पण डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याचं पोट बिघडायला लागलं, तेव्हा मी आणि वहिनी त्याला वैद्यबाईंकडे घेऊन गेलो. बाई सरळ होत्या. त्यांनी मधुनाशिनीचा वाळवलेला पाला दिला, जांभळाच्या बियांची पूड दिली आणि बजावलं, "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पोटाचा त्रास त्यांना सांगा, ते बदलून देतील. आणि हा पाला चालू केलाय हेही सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाईल. मधूनमधून रक्त तपासायचं. पाय रोज बघायचे." दादा मान डोलावत होता. त्यातलं त्याच्या डोक्यात किती शिरलं ते देवालाच ठाऊक.

संध्याकाळी त्याने पाला चघळला, चूळ भरली आणि चहाचा घोट घेऊन थबकला. मग उठून साखरेचा डबा काढला आणि चमचाभर साखर तोंडात टाकली. "अगं, वाळू!" तो वहिनीला ओरडून सांगायला लागला. "नुसती वाळू लागतेय! मेली साखर!"

मधुनाशिनीचं हेच तर आहे. पाला चघळला की थोडा वेळ जिभेला गोड कळतच नाही. वैद्यबाईंनी तेही सांगितलं होतं. पण दादाने त्याचा भलताच अर्थ काढला. ज्या माणसाने जन्मभर साखर जिभेने मोजली, त्याला वाटलं, जिभेवर साखर मेली म्हणजे रक्तातही मेली. गोळ्या कपाटात गेल्या. रक्त तपासणं बंद. कामावर जीभ चोख हवी म्हणून पाला फक्त घरी आल्यावर, आणि त्यानंतर चमचाभर साखर. ही त्याची तपासणी! साखर गोड लागली नाही की स्वारी खूश. पाहुण्यांनाही तो हा खेळ करून दाखवायचा.

मी भांडले. मी भांडखोर आहेच, माझा नवराही सांगेल.

"दादा, दिवा मालवला म्हणून घरातला चोर पळून जातो का रे?"

"तू आधी एक कढई पाक करून दाखव, मग मला शिकव," तो म्हणाला.

वहिनीने डबा लपवला, तर हा कारखान्यातून खिसा भरून लिंबाच्या गोळ्या आणायला लागला. तो सुकत चालला होता. पँटला नवी भोकं पाडलेला पट्टा लागायचा. मला भीती वाटायची आणि भीती वाटली की मी आणखी ओरडायचे.

मग एक दिवस उकळत्या पाकाचा ओघळ त्याच्या पायावर पडला, चपलेच्या पट्ट्याखाली. त्याला कळलंच नाही. घरी येऊन चप्पल काढायला गेला तर ती निघेना. वहिनीने वाकून पाहिलं आणि किंचाळली. पट्ट्याबरोबर कातडी सोलून आली होती. दादा मात्र हसत होता. "पूर्वी नुसता थेंब उडाला तरी रात्रभर ठणकायचं. बघ, पाल्याने अंग कसं खणखणीत केलंय!"

ठणकत नाही म्हणून त्याने ती जखम तशीच वागवली. बोटं काळी पडली, घरभर वास सुटला, तेव्हा कुठे तो निघाला, तोही वैद्यबाईंकडेच. त्यांनी पाय पाहिला, रक्ताचे रिपोर्ट मागितले. दादाने जिभेची तपासणी सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हा पाला जिभेला फसवतो! रक्तातलं तिला काय कळणार? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या यांना."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विष वर चढतंय, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, उशीर केला तर माणूस हातचा जाईल. दादा ऐकेना. "दुखत नाही तर कापायचं कशाला? पाय चांगला आहे माझा." वहिनी रडली. मी पाया पडले, शिव्याही दिल्या. तो ढिम्म.

बाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. डोळे मिटा. पायाला काही लागलं की लगेच सांगा."

दादाने डोळे मिटले, कढईपाशी मिटायचा तसेच. बाईंनी वहिनीला खूण केली. वहिनीने त्याची टाच दोन्ही हातांत घेतली आणि दाबून धरली.

दादा वाट बघत राहिला. कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून. जरा वेळाने म्हणाला, "हां, आता टोचलं बघा काहीतरी. अंगठ्याला." अंगठ्याला कुणी हात लावला नव्हता. पुन्हा थांबला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, सुरू केलं नाही का अजून?"

"अहो," वहिनी म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तिच्या हातांकडे पाहिलं. नखं त्याच्या टाचेत रुतली होती.

"कधीपासून धरलायस?"

"मघापासून."

त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मान वळवून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कधी कापणार?"