राखेनं घासलेली गाडीची काच

आमची मंडळी गेली, त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं तिच्या जुन्या लुगड्यातून सेरियम चाळत बसलो होतो. सेरियम ऑक्साइड म्हणजे काच पॉलिश करायची पावडर. मैद्यासारखी बारीक, फिकट गुलाबी. एका धातूपासून बनते म्हणतात. कशी ते मला विचारू नका, मी चौथी शिकलेला. पाण्यात कालवून फिरवली की काचेचा वरचा थर हळूच सोडवते, नवा चरा पाडत नाही. पण एक खडा राहिला तर काच गेली, म्हणून चाळायची. ती शिंकून बेजार झाली. "घाला तुमचं सेरियम चुलीत," म्हणाली. रात्री झोपेतच गेली.

मी काचा पॉलिश करायचं दुकान बंद केलं. महिना झाला नसेल, गल्लीतला बसप्पा धापा टाकत आला. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस.

"तात्या, मेलो की मी. पोराची नवी गाडी."

"ठोकलीस?"

"न्हाय वो. धुतली."

पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक समोरच्या काचेवर वाळून बसलेलं. ह्यानं राख आणि तारेची घासणी घेऊन काच पातेल्यागत घासली. आता पोरगा पाचला ड्युटीवरून येणार.

"आयतवारी अक्कलकोटला गाडीतनं जायचंय. आता मला म्हनंल, तुमी यष्टीनं या."

मी गाडीपाशी जाऊन चऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं तर सेरियमचा उपयोग नसतो. अडकलं नाही.

दुकान उघडून मशीन आणलं, त्याला नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं चाक लावलं, सेरियम कालवलं. "पाणी मारत राहा," त्याला सांगितलं. "काच तापली तर तडकंल."

त्यानं भीतीपोटी तांब्याच उपडा केला. फिरत्या चाकानं सगळा चिखल आमच्यावर उडवला. दोघांच्या मिशा गुलाबी झाल्या. एका जागी जास्त घासलं तर काचेतून वेडंवाकडं दिसतं, म्हणून त्याला गाडीत बसवलं.

"खांब सरळ दिसतोय का?"

"खांब सरळ हाय. तुमचं त्वांड वाकडं दिसतंय."

"ते लग्नापास्नं हाय."

तो हसला, मी हसलो, मग थांबताच येईना. मशीन बंद करून बोनेटला टेकलो. समोरच्या बाया बघत होत्या. बघू दे म्हटलं. परत मशीन धरलं, परत हसू आलं.

पोरगा आला तेव्हा काच लख्ख होती. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग गाडीकडं. बसप्पा देवासारखा उभा.

"अप्पा, समोरची काच धुतली वाटतं. बाकीच्या का सोडल्या? मळकट दिसत्यात."

बाकीच्या काचांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता. नव्या कोऱ्याच होत्या. एक काच फार चमकवली की बाकीच्या नापास होतात. धंद्याला हे बरं असतं.

"उद्या करतो की," बसप्पा म्हणाला. "आयतवारी म्होरं मी बसनार हाय."

"बसा. पन कशाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. फार गोड झाला, तरी प्यालो. मग बादली भरून बसप्पाच्या दारात गेलो आणि गाडीची मागची काच ओली केली.