सीलवरची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला ही गोष्ट सांगवत नाही.

मुलीच्या कॉलेजसाठी मी नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या एका छोट्या दुकानातून रिफर्बिश्ड कॉम्प्युटर घेतला — म्हणजे वापरलेला, पण तपासून दुरुस्त केलेला. त्या दुकानाची एक पद्धत होती. मशीन जो तपासेल त्यानंच कॅबिनेटच्या डब्याच्या फटीवर कागदी सील चिकटवायचं आणि त्यावर पेनानं सही करायची. माझ्या मशीनवर सुनंदाबाईंची सही होती. पन्नाशीच्या बाई, शिवणकाम सोडून हे काम शिकलेल्या, आणि सही अशी ठसठशीत की बघत राहावं. मालकानं बजावलं होतं — काही झालं तर उघडू नका, सरळ घेऊन या.

चौथ्या दिवशी स्क्रीन काळी. नुसते तीन बीप. प्रताप नगरहून बर्डी काय लांब आहे? पण ऑफिसात प्रिंटर अडकला की ज्याला हाक मारतात तो मी! मी कशाला कोणाच्या दारात जातो? बायकोच्या हेअर ड्रायरनं सील गरम केलं, अलगद सोडवलं. रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली — आणि सुरू झालं की हो!

तिथं थांबायचं ना? पण अंगात आल्यावर कोण थांबतं? पंखा जरा घरघरत होता, म्हणून प्रोसेसरही काढला. परत ठेवताना तो निसटला आणि तिरपा पडला. त्याच्याखाली केसासारख्या बारीक पिना असतात. पाच-सहा वाकल्या. मग बीपसुद्धा येईना.

आता जे सांगायचं ते — थांबा, सांगतो. मी डबा बंद केला. सील डिंकानं पुन्हा चिकटवलं, आधीच्याच जागी सरळ बसेल असं. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं.

दुकानात मालकानं आधी सीलच पाहिलं. "सील तर शाबूत आहे," म्हणाले. मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून अडखळतच होतं. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी डबा उघडला, पिना पाहिल्या आणि सुनंदाबाईंना बोलावलं. डिंक दिसला तर? बाईंनी ते सील उजेडात धरलं, किती वेळ पाहिलं. त्या फक्त आपली सही पाहत होत्या.

"सही तर माहीच हाये," त्या म्हणाल्या. "माह्याच हातून झालं असन. पण मले काहून आठवून नाही राहिलं?"

तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी भिंतीवरचं घड्याळ पाहत राहिलो. मला लगेच दुसरं मशीन मिळालं, वर मालकानं माझी माफीही मागितली.

दोन महिन्यांनी माउस घ्यायला गेलो. जायला नको होतं, पण त्या तिथं आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय राहवेना. सगळ्या सीलवर कोणा दुसऱ्याची सही होती. सुनंदाबाई मागच्या बाजूला जुने कीबोर्ड फडक्यानं पुसत होत्या. तपासणीच्या टेबलावरून त्यांना काढलं होतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती. मला पाहून त्या हात पुसत पुढं आल्या.

"भाऊ, माह्यामुळं तुमाले लय तरास झाला. माफ करजा."

मी काय केलं असेल? हसलो. "जाऊ द्या बाई, चूक कोणाच्याही हातून होते," असं म्हणालो, आणि त्यांना माफ केलं.