मानाच्या भिंतीवरची तिसरी पाटी

हे नादरूपा, दयाघना, पोकळ नळीत फुंकर शिरते आणि तिचा सूर होतो, ही लीला तुझी. नळी धनी नव्हे, फुंकणारा धनी नव्हे. आत येणारा श्वास तुझा आणि बाहेर पडणारा सूरही अखेर तुझ्याच पायाशी येऊन विसावणारा. तुझ्या दारी गाणाऱ्याला मान आहे, वाजवणाऱ्याला मान आहे. पण आयुष्यभर समोरच्या बाकावर बसून, नुसता कान देऊन, ज्याने आपला जीव ओवाळून टाकला त्या श्रोत्याची नोंद तुझ्यावाचून कोण ठेवणार? अशाच एका श्रोत्याची ही कथा तुझ्या चरणी ठेवतो. स्वभावाने तो गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

सगळे त्यांना टेलरमास्तर म्हणत. वय चौसष्ट, चष्मा कपाळावर, टेप गळ्यात आणि राग सदैव सुईच्या टोकावर. संगीतगृहाच्या मागच्या गल्लीत त्यांचे दीड खणाचे दुकान होते. पुढे मास्तरांचे मशीन आणि पडद्याआड काज-बटणाला बसलेली त्यांची बायको. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक बँडचे कोट मास्तरांच्या कात्रीखालून गेलेले. वाजवणाऱ्याचे माप ते इतरांसारखे घेत नसत. श्वास भरा म्हणत, आणखी भरा म्हणत, आता धरून ठेवा म्हणत, आणि माणूस लाल झाला की मग छातीवर टेप लावीत. पाठीत एक जादा चूण, बाही खांद्याला जोडतात त्या मुंढ्यात बोटभर जादा दाब. तरीही खऱ्या वाजवणाऱ्याचा कोट उसवतोच, अशी त्यांची श्रद्धा होती. कोट उसवून आला की मास्तरांना आनंद होई. तो ते ओरडून व्यक्त करीत.

आता भांडणाकडे वळू. संगीतगृहाच्या पुढच्या दालनात एक मानाची भिंत होती. तिच्यावर तांब्याच्या तीनच पाट्यांना जागा. दोन बँडांची नावे पूर्वी लागली होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तिसरी पाटी कोरी होती. ती कुणाची, हे श्रोतेमंडळाने त्या रविवारी सकाळी हात वर करून ठरवायचे होते, आणि त्यानंतर तो विषय कायमचा मिटणार होता.

मास्तरांचा जीव अडकला होता छापखान्याच्या बँडमध्ये. अकरा जण, सगळे एकाच छापखान्यातले. दिवसभर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी काळ्या नखांनी वाद्ये हातात घ्यायची. सतरा वर्षे ते वाजले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. अकरातला एकही आता उरला नव्हता. भिंतीवर नाव लागले नाही, तर हे लोक होऊन गेले हे सांगायला मास्तरांच्या दोन कानांखेरीज जगात काही राहणार नव्हते. आणि ते दोन कान आताशा डावीकडून कमी ऐकू लागले होते.

समोर उभा होता चंदेरी बँड. नऊ रुपेरी कोट, चकचकीत बूट, तीन गाजलेल्या ध्वनिमुद्रिका, बावीस वर्षांची कीर्ती. त्यांची बाजू लढवत होती रुग्णवाहिका चालवणारी एक बाई. आवाज खणखणीत, आणि मास्तरांना न घाबरणारी मंडळातली ती एकटीच.

अध्यक्षस्थानी निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी शांतता राखण्याची विनंती केली आणि तिथपासून शांतता संपली. मास्तर अर्धा तास बोलले. छापखान्याच्या बँडमध्ये बाहेरचा एकही माणूस कधी घेतला नाही, भाड्याने वादक आणला नाही, ज्यांनी एकत्र घाम गाळला तेच एकत्र वाजले, हे त्यांनी टेबलावर मूठ आपटत तीनदा सांगितले. मागून कुणीतरी विचारले, की टेबलाचा यात काय दोष. हशा पिकला. मास्तर आणखी तापले.

मग बाई उठली. तिने एवढेच विचारले, "मास्तर, तुमच्या छापखानेवाल्यांची एक तरी चाल या खोलीत कुणाला गुणगुणता येते का? तुम्ही सोडून?"

कुणालाच येत नव्हती. ती म्हणाली की तिच्या गाडीत ती चंदेरीच लावते, माणसे शांत होतात. कुणीतरी पुटपुटले, काही तर कायमची. पुन्हा हशा. मास्तरांनी खोलीभर पाहिले. हसणाऱ्या चेहऱ्यांमध्ये त्यांना आपले अकरा जण दुसऱ्यांदा मरताना दिसले, आणि इतकी वर्षे ओठांआड धरलेली गोष्ट सुटली.

"वाजवतच नव्हते ते तुमचे चंदेरीवाले," मास्तर म्हणाले.

 गिऱ्हाइकाच्या कपड्यात जे दिसते ते शिंप्याच्या तोंडून बाहेर पडायचे नाही, हा मास्तरांच्या धंद्याचा कुळाचार. तो त्यांनी त्या दिवशी पायदळी तुडवला. बावीस वर्षे चंदेरीचे कोट आपल्याकडे येत होते, ते सांगत सुटले. बाह्या मळायच्या, बटणे तुटायची, पण मुंढ्याची शिवण जशीच्या तशी. पाठीची चूण एकदाही ताणलेली नाही. फुंकणाऱ्याच्या अंगात असा कोट राहूच शकत नाही. रंगमंचामागे मुद्रित सुरांची टेप लागायची आणि हे बाबा वाद्ये ओठांना लावून नुसते गाल फुगवायचे.

कुजबुज उठली. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. ज्यांचे हात चंदेरीसाठी वर होणार होते ते मांडीवर आले. मास्तरांनी ते पाहिले. पाटी त्यांची झाली होती.

बाई मात्र खाली बसली नाही. तिने हळूच विचारले, "सगळे कोट, मास्तर? नऊच्या नऊ?"

काय कठीण होते! एक हुंकार पुरला असता. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो नववा कोट आला. ट्रम्पेटवाल्याचा. दर दीड-दोन महिन्यांनी उजव्या मुंढ्यात फाटून यायचा; आतले अस्तर घामाने कुजलेले असायचे. आणि तो ट्रम्पेटवाला त्याच घटकेला दाराशी उभा होता. गेली आठ वर्षे तो संगीतगृहाच्या तिकीटखिडकीत बसत असे. भांडण ऐकायला खिडकी सोडून आला होता. मास्तरांना खोटे बोलायचे होते. मनापासून बोलायचे होते. जीभ वळली नाही, याचाही त्यांना संताप आला.

"आठ," ते म्हणाले.

"आणि नववा?"

"नवव्यासारखा छातीचा माणूस मी पाहिला नाही. झालं समाधान?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. बाईला मग फार काही बोलावे लागलेच नाही. नवांचा भार ज्या एका माणसाने बावीस वर्षे आपल्या छातीवर पेलला, त्याच्यासाठी हात वर करायचा की नाही, एवढेच तिने विचारले. हात मोजले गेले. चंदेरी एकतीस, छापखाना सव्वीस. सव्विसातला सर्वांत उंच हात मास्तरांचा होता.

ते तडक बाहेर पडले. पायऱ्यांवर तिकीटखिडकीवाल्याने त्यांना गाठले. धाप लागली होती, डोळे पेटले होते.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी बावीस वर्षं झाकलं. तुम्ही तीन मिनिटांत चव्हाट्यावर मांडलंत. आता त्या आठांच्या नातवंडांना मी काय तोंड दाखवू?"

मास्तरांना माफी मागायची होती. निघाला तो राग. एवढी छाती होती तर असल्यांच्यात का राहिलास, म्हणून ते उलट त्याच्यावरच ओरडले.

त्याने आधी धाप आवरली. मग म्हणाला, "आधी तुमच्या छापखानेवाल्यांकडेच गेलो होतो. वाजवूनही दाखवणार होतो. त्यांनी विचारलं, खिळे जुळवता येतात का? नाही म्हटलं. दार लावलं त्यांनी."

एवढे बोलून तो आपल्या खिडकीकडे निघून गेला. मास्तर पायरीवर उभेच राहिले. बाहेरचा एकही माणूस कधी घेतला नाही, हे त्यांनी त्याच सकाळी मूठ आपटत तीनदा सांगितले होते. ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर जगाशी भांडले, त्या अकरा जणांवर त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना राग आला. मेलेल्या माणसांवरचा राग फार वाईट. त्याला ऐकून घ्यायला समोर कुणी नसते.

घरी बायकोने पाटीचे विचारले. मास्तरांनी ताट पुढे ओढून सगळे सांगितले. प्रत्येक घासाला कुणाला तरी शिवी.  ते संपल्यावर ती म्हणाली, "अहो, पाटी गेली ते जाऊ द्या. तुम्ही गिऱ्हाइकाचं बोललात. मी तुमच्याबरोबर चाळीस वर्षं या पडद्याआड बसले, ती गप्प बसणाऱ्या माणसाबरोबर." आणि ती ताट उचलून आत गेली.  

सोमवारी त्यांनी तीन कापडे चुकीची कापली. मंगळवारी दुपारी उठले, संगीतगृहापाशी गेले आणि तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा गजांना तोंड लावून अशा काही आवाजात "माझं चुकलं" म्हणाले, की मागचा गृहस्थ दोन पावले सरकला.

तिकीटखिडकीवाल्याने मान वर केली नाही. "कितीची हवीत?"

"तिकीट नको. चुकलं म्हणतोय ना मी! ऐकू येत नाही?"

"मग खिडकी अडवू नका. मागे रांग आहे." त्याने पुढच्या माणसाचे पैसे घेतले, तिकीट फाडले, आणि मग कुठे मास्तरांकडे पाहिले. "सहाला बंद करतो. तेव्हा या. नीट भांडू."

मास्तर सहाला पाच मिनिटे कमी असताना तिथे हजर होते.

हे दयाघना, पाट्या तुझ्याकडे नाहीत, भिंत तुझ्याकडे नाही, हात मोजणाराही कुणी नाही. या रागीट लेकराला सांभाळ. त्याच्या डाव्या कानाला अजून काही वर्षे सूर ऐकू दे, सुईत दोरा एका झटक्यात जाईल एवढी नजर दे. पडद्याआडच्या त्या माउलीचे बोलणे असेच मोजके आणि खरे राहू दे. तिकीटखिडकीतल्या त्या छातीला श्वास कमी पडू देऊ नकोस. त्याच्या आणि या मास्तरांच्या घरात भांडायला माणसे असोत, आणि भांडण झाल्यावर शेजारी बसायला तीच माणसे असोत. कल्याण असो, कल्याण असो, त्या दीड खणाच्या दुकानाचे कल्याण असो.