त्यांनी कधीच न ऐकलेलं शेवटचं गाणं

आमच्या यांचा डावा कान लहानपणीच गेलेला. राहिला उजवा, त्याचंही यंदा लातूरला ऑपरेशन करावं लागलं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "येतंय का ऐकू?"

"हाव, बेस हाय," हे तत्काळ म्हणाले.

माझा काडीचा विश्वास बसला नाही. ही देवणीकडची माणसं. डॉक्टरला नाही म्हणणं म्हणजे यांना दारी आलेल्या पाहुण्याला उपाशी वाटेला लावल्यासारखं वाटतं. त्यात ओठ बघून बोलणं ओळखायची सवय. हाही कान गेला असेल तर पुढं कसं, हा विचार नांदेडला घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच परीक्षा घ्यायची ठरवली. कॉलेजात असताना यांनी एका कंट्री रॉक अल्बमची कॅसेट घेतली होती. तिकडं अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी म्हणे. तोच अल्बम मोबाइलवर शोधून लावला. यांनी पडद्यावरचं चित्र बघितलं आणि मांडीवर ठेका धरला. मी हळूच आवाज बंद केला. ठेका चालूच! गाणी यांना तोंडपाठ, त्यांना कानाची गरजच काय?

मग आठवलं, शेवटचं गाणं यांनी कधी ऐकलंच नाही. "रडगाणं हाय म्हणं ते," म्हणून दरवेळी कॅसेट तिथंच बंद करायचे. मी यांच्या पाठीमागं उभी राहून नेमकं तेच लावलं. गिटारवर कुणीतरी अगदी हळू गात होतं. यांनी ठेका धरला नाही, मानही हलवली नाही. गाणं संपलं. संपलंच सगळं, असं मला वाटलं.

"शेवटी कोण खोकललं गं?" यांनी मागं न बघता विचारलं.

"मी न्हाई खोकलले."

मोबाइल कानाला लावून मी ते परत ऐकलं. गिटार थांबल्यावर लांब कुठंतरी एक माणूस खरंच खोकलत होता. मला ते आधी ऐकूच आलं नव्हतं.

"मग मघाशी गाणं बंद केल्यावर ठेका का चालू ठेवला तुम्ही?" मी चिडून विचारलं.

"तू बंद केलंस, मी कशाला करू?"

मी तिथंच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं. यांनी कानावर हात ठेवला.

"हळू रड," ते म्हणाले. "ऐकू येऊलालंय मला."