चढावरची जीप

आमच्या गावच्या चढावर धाकट्या भावाची जीप आली की सगळे न सांगता उतरतात आणि ढकलतात. मागच्या पावसाळ्यात मागच्या सीटवर फक्त आई उरली होती, तापाने फणफणलेली. चिखलातलं चाक गरगरत राहिलं, कोरड्यातलं हललंच नाही. दवाखाना गाठायच्या आत आई गेली.

भावाने आता चाकांना इंजिनाचं बळ वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला लॉक बसवून घेतलंय. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, एक घसरलं तरी दुसरं ओढतं.

आमच्या घराचंही सारं बळ एकाच चाकाला मिळालं. मी पदवीधर झालो, तो दहावीतच थांबला.

काल चढ येताच मी दार उघडलं.

"दादा, बसून राहा. आता कुणी उतरायचं नाही."

जीप न थबकता वर पोचली. तो आरशातून रिकाम्या मागच्या सीटकडे पाहत राहिला.