नोलीनची पट्टी

नोलीनने हेडफोन काढून स्टँडला अडकवले आणि काचेपलीकडून आम्हाला म्हणाली, “दुसरं कुणीतरी बघा. माझ्याच्याने होत नाही.”

तिसरा टेक होता. तिन्ही वेळा ती एकाच जागी अडकली होती. कडव्याच्या शेवटी सूर वर चढतो, नेमका तिथेच आवाज चिरकत होता. ग्रँट, आमचा प्रोड्यूसर, माइकवर म्हणाला, “घाई नाहीये, नोलीन. हीप्स ऑफ टाइम. चहा घेऊ या.”

“चहाने काय होणार? हेमी गेला तेव्हाच माझा आवाज गेला. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं.”

कार्डिगन चढवून ती निघूनही गेली. ग्रँटने कन्सोल बंद केलं. मग म्हणाला, “गुरुवारपर्यंत थांबतो. नाहीतर वेलिंग्टनच्या त्या नव्या मुलीला बोलवावं लागेल. हे गाणं अल्बमला हवंच.”

नोलीन इथली कंट्री सिंगर. वय एकोणऐंशी. साठ वर्षांपूर्वी तिचं नदीवरचं एक गाणं रेडिओवर लागलं आणि लोकांच्या घराघरांत जाऊन बसलं. पुढे ती कुणाकुणाबरोबर गायली! चर्चच्या कॉयरबरोबर, गावच्या ब्रास बँडबरोबर, एका अमेरिकन फिडलवाल्याबरोबर, शेवटी शेवटी साउथ ऑकलंडच्या एका रॅपरबरोबरसुद्धा. पण या सगळ्यांत कायमचा जोडीदार एकच, हेमी. गिटार वाजवायचा, खालच्या सुरात साथ द्यायचा. नवरा नव्हता तो. चाळीस वर्षं स्टेजवर तिच्या डाव्या हाताला उभा राहिला, एवढंच. अकरा वर्षांपूर्वी तो वारला. जाण्याआधी त्याने घरच्या टेप मशीनवर एक नवं युगलगीत करून ठेवलं होतं. गिटार आणि स्वतःचा आवाज, आणि मधे नोलीनसाठी मोकळ्या सोडलेल्या ओळी. त्या मोकळ्या ओळी भरायला ती आली होती.

आता माझं काम सांगते. मी ट्रान्स्फर इंजिनिअर आहे. जुन्या टेपवरचा आवाज शक्य तितका जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवायचा, एवढंच. पुण्याहून साउंड शिकायला आले आणि इथलीच झाले. आमचा स्टुडिओ ऑकलंडमधल्या ओटाहुहुला, टायरच्या दुकानामागे. या कामात घाई चालत नाही. चाळीस मिनिटांची टेप चाळीस मिनिटंच घेते. रिळं फिरत राहतात, मी बघत राहते. आधी कुणाची तरी खुर्ची करकरते, कुणीतरी खोकतं, ते माणूस आता असेल की नसेल कोण जाणे, आणि मग गाणं सुरू होतं. शेजारी टायरवाल्याचा कंप्रेसर धडधडत असतो आणि मी कुठल्याशा गावच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलेली असते. नोलीनच्या टेपा उतरवल्या त्या महिन्यात तर माझी अवस्था फारच वाईट होती. एकदा घरी जायला स्टेशनवर आले, ट्रेन आली, दारं उघडली, मिटली, गेली. मी प्लॅटफॉर्मवर तशीच. माझ्या कानात नदी वाहत होती.

तशा तंद्रीतच मी चूक केली, आणि तेव्हा मला ती हुशारी वाटली.

हेमीने आपल्या मशीनवर बरेच कार्यक्रम टेप करून ठेवले होते. त्यात ते नदीचं गाणं होतंच. मी ते साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डशी ताडून पाहिलं. हेमीच्या टेपवर गाणं अर्ध्या सुराने खाली. पेटीवर म्हणाल तर शेजारची पट्टी. मी निष्कर्ष काढला: हेमीचं मशीन जास्त वेगाने चालत होतं. भरताना टेप जोरात फिरली तर उतरवताना सूर खाली येतो, हे नेहमीचंच दुखणं आहे. मी त्या मशीनच्या सगळ्या टेपांचा वेग रेकॉर्डला जुळेल इतका वाढवला. ते नवं युगलगीतही त्यातच आलं. त्याची कॉपी रेकॉर्डिंगच्या तीन आठवडे आधी नोलीनला घरी सरावाला पाठवली. ग्रँट म्हणाला, “स्वीट ॲज, एकदम मस्त, सुजाता. तुझे कान म्हणजे कान.” मी खूश.

नोलीन गेली त्या संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे त्यांचं जेवण नुकतंच उरकलं होतं. बाबा येरवड्यात भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. एप्रिल महिन्यात तर ते घरात दिसायचेच नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी बाई आहे, जोडीदार गेला, आवाज लागत नाही, आणि मला उगाच रडायला येतंय.

बाबांनी सांत्वन वगैरे केलं नाही. बडीशेप चघळत म्हणाले, “पट्टी कोणती दिलीस तिला?”

“रेकॉर्डची, बाबा.”

“बाईला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? साठ वर्षांची रेकॉर्ड आहे. सगळा देश त्याच सुरात गातो.”

“अगं, गाणार कोण? रेकॉर्ड की बाई?” बाबा आता चिडलेच. “आमच्याकडे रोज गाणारी बाई असली तरी पेटीवाला आधी विचारतो. ताई, आज पट्टी कोणती? सर्दी असते, प्रवास झालेला असतो, घरी भांडण झालेलं असतं. तू एवढी शिकलीस आणि एवढंसुद्धा विचारलं नाहीस?”

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. रागाने नव्हे, लाजेने.

सकाळी पहिल्या ट्रेनने स्टुडिओ गाठला. विजेवर चालणाऱ्या जुन्या मशीनवर टेप केली की गाण्याखाली एक बारीक गुणगुण उमटते. आम्ही तिला हम म्हणतो. ऐकणाऱ्याला ती जाणवत नाही. पण इथली वीज, आपल्याकडच्यासारखीच, सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. त्यामुळे टेप बरोबर वेगाने लावली तर हमही पन्नासच भरते. एरवी मी ती आधी मोजते आणि मग बाकीचं. या वेळी कानाच्या भरवशावर राहिले होते.

मी वाढवलेल्या टेपवर हम भरली त्रेपन्न. न छेडलेल्या मूळ टेपवर पन्नास. म्हणजे हेमीचं मशीन अगदी बरोबर चालत होतं. मग मी नदीच्या गाण्याची रेकॉर्ड लावली. तिच्यावर त्रेपन्न.

मी पुन्हा मोजली. त्रेपन्नच. रेकॉर्डच खोटी होती. एकोणीस वर्षांच्या मुलीचा आवाज अजून कोवळा, अजून चमकदार वाटावा म्हणून कंपनीतल्या कुणीतरी गाण्याचा वेग चढवला होता. त्या काळी अशी युक्ती करत असत. साठ वर्षं सगळा देश ज्या आवाजावर जीव टाकत होता, त्या सुरात ती मुळात गायलीच नव्हती.

ग्रँटला दाखवलं. तो आधी शिवी देऊन मोकळा झाला, मग म्हणाला, “तिला फोन तू कर. चूक तुझी आहे.” खरं होतं. केला.

बुधवारी नोलीन आली. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. माझी चूक आधी सांगितली, हमचं नंतर. ती ऐकत राहिली. तिला सूर वाचता येत नव्हते, तेव्हाही नाही आणि आताही नाही. गिटारवाल्याने सूर द्यायचा, हिने गायचं.

“थांब,” ती म्हणाली. “हेमी दर कार्यक्रमात त्या गाण्याआधी पाठ फिरवून गिटार लावत बसायचा. दर वेळी. लोक हसायचे. मी माइकवरून चिडवायची, याला आयुष्यभर गिटार लावता आली नाही म्हणून. गालातल्या गालात हसायचा नुसता.”

“ते तारा अर्ध्या सुराने उतरवत असणार,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी.”

“आणि तो गेल्यावर नवी मुलं आली ती रेकॉर्डवरून गाणं शिकून आली होती.” ती हळूहळू बोलत होती, झोपेतून जागं होताना बोलतात तशी. “ते-रापा इथल्या क्लबमध्ये माझा आवाज फुटला. भर गाण्यात. मला वाटलं, गेला तो घेऊन. परत कधी उभी राहिले नाही.”

नंतर ती तोंडावर हात धरून रडली. मीही रडले. ग्रँट चहा करायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

मग मी तिला विचारलं, “नोलीन, आज पट्टी कोणती लावू?” तिला शब्द कळला नाही, मी समजावून सांगितला. ती म्हणाली, “हेमीची.”

मूळ वेगाने टेप लावली. हेमी दोन ओळी गायला आणि थांबला. मोकळ्या जागेत नोलीन आली. आवाज म्हातारा होता, कडेला जरा खरखरीत. कडव्याच्या शेवटी सूर वर चढला आणि ती त्याच्याबरोबर सहज चढली, आपल्याच घराचा जिना चढावा तशी. दोघं गात होती. मी मीटरकडे बघायचं विसरले. पहिलाच टेक अल्बमवर गेला.

शेवटी ग्रँटने विचारलं, अल्बमवर ते नदीचं गाणंही खऱ्या वेगाने घालायचं का? नोलीनने मान हलवली. “नको, डिअर. लोकांची लग्नं लागलीत त्या सुरात. ते त्यांचं आहे.”

तर या धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी हम मोजा, आणि गाणारं माणूस हयात असेल तर हम मोजायच्याही आधी त्याला विचारा. अर्ध्या सुरापायी ही बाई अकरा वर्षं गप्प बसली होती. त्यातले शेवटचे तीन आठवडे माझ्यामुळे.